हात हलतो, फ्रेम हलायला नको: मिररलेस व्हिडिओवर तुमचे प्रश्न

लग्नसराई तोंडावर आली की कॅमेऱ्याचे प्रश्न वाढतात, पण यावेळी जवळजवळ सगळ्यांनी एकच विचारलंय, हातात धरून काढलेला व्हिडिओ हलतो त्याचं काय करायचं. म्हणून हे पान पूर्ण त्यालाच दिलं. मिररलेस म्हणजे डीएसएलआरसारखा लेन्स बदलता येणारा पण आत आरसा नसलेला कॅमेरा, आणि गिंबल म्हणजे मोटरने कॅमेरा सरळ धरणारी दांडी, हे दोन शब्द जागोजागी येतील. पहिलं उत्तर मुद्दाम लांब आहे, बाकीच्यांनीही ते आधी वाचा, पुढच्या उत्तरांत त्यातलंच कामी येणार आहे.

ताई नमस्कार. मी लग्नाचं शूटिंग करतो, आतापर्यंत सगळं काम डीएसएलआरवर केलं, आता मिररलेस घ्यायचा आहे. सोनी झेडव्ही-ई१०, कॅनन आर५०, सोनी ए६७००, फुजी एक्स-एस२० आणि पॅनासॉनिक एस५ टू अशी यादी काढली. दुकानात जो तो म्हणून राहिला की यात स्टेबलायझेशन आहे. सगळ्यातच आहे तर किमतीत एवढा फरक काहून? वरातीत मला चालत चालत शूट करावं लागते आणि गिंबल सोबत नेणं होत नाही. नेमका कोणता घेऊ?
— एक वाचक, नंदनवन

दादा, दुकानवाला खोटं नाही बोलत, पण अर्धंच सांगून राहिला. स्टेबलायझेशन तीन ठिकाणी असू शकतं आणि तिन्हीचं काम वेगवेगळं आहे. एक असतं लेन्समध्ये, आतली एक काच हलून हाताचा थरथराट खाते, सोनी त्याला ओएसएस म्हणतं, कॅनन आयएस, टॅमरॉन व्हीसी. दुसरं बॉडीत, म्हणजे खुद्द सेन्सरच, उजेड टिपणारी चिप, सरकतो, याला आयबिस म्हणतात आणि हे पाच दिशांचं काम करतं, कॅमेरा वर-खाली वाकणं, डावी-उजवीकडे वळणं, घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरणं आणि शिवाय सरळ बाजूला किंवा वर-खाली सरकणं. यातलं गोल फिरणं लेन्सवाल्याला अजिबात थांबवता येत नाही. पाच दिशांचं हे तंत्र ऑलिंपसने २०१२ मध्ये ई-एम५ मध्ये आणलं आणि फुल फ्रेममध्ये, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या मिररलेसमध्ये, सोनीने २०१४ मध्ये ए७ टू मध्ये. तिसरं इलेक्ट्रॉनिक, यात काहीच हलत नाही, कॅमेरा चित्राच्या कडा कापतो आणि उरलेल्या जागेत फ्रेम इकडेतिकडे सरकवून झटके लपवतो.

आता तुमची यादी पाहा. झेडव्ही-ई१० आणि आर५० मध्ये सेन्सरचं स्टेबलायझेशन नाहीच, लेन्सचं आणि इलेक्ट्रॉनिक एवढंच आहे. ए६७००, एक्स-एस२० आणि एस५ टू मध्ये सेन्सरचं आहे. किमतीतल्या फरकाचा मोठा भाग हाच. आणि इलेक्ट्रॉनिकची किंमत तुम्ही दुकानात नाही, फ्रेममध्ये मोजता. झेडव्ही-ई१० ची १६-५० किट लेन्स १६ वर ठेवली की फुल फ्रेमच्या हिशोबाने २४ एमएम इतकं रुंद दिसतं, पण अॅक्टिव्ह, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, मोड लावला की साधारण १.४ पट क्रॉप होऊन तेच ३५ च्या आसपास येतं. छोट्या मंडपात नवरानवरी, दोघांचे आईवडील आणि भटजी एका फ्रेममध्ये घ्यायचे असतील तर मागे सरकायला जागा कुठून आणणार. दुसरं, संध्याकाळी उजेड कमी असताना १/५० शटरवर, म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड घेत असताना, प्रत्येक पावलाला चित्र क्षणभर पुसट होतं, इलेक्ट्रॉनिक मोड फ्रेम स्थिर करतो पण तो पुसटपणा तसाच राहतो, मग फ्रेम जागेवर आणि चित्र मात्र धडधडतंय असं विचित्र दिसतं.

आता मुख्य गोष्ट, जी कोणी सांगत नाही. हलणं एक प्रकारचं नसतं. उभं राहून कॅमेरा धरला की होतो तो हाताचा बारीक थरथराट, हा आयबिस फार सुंदर खातो, इतका की ५० एमएमचा शॉट ट्रायपॉडवरचा वाटावा. पण चालताना अख्खं शरीर वर-खाली होतं, काही सेंटिमीटर, आणि सेन्सर बिचारा सरकून सरकून काही मिलिमीटर सरकणार. म्हणून आयबिसवाला कुठलाही कॅमेरा घेऊन नेहमीसारखं चाललं तर उसळी दिसणारच. डोक्यावर भरलेली घागर घेऊन बायका जशा गुडघे सैल ठेवून चालतात तसं चालायची सवय लागली तर त्यातली बरीच कमी होते. तरीही गिंबलसारखं तरंगतं फुटेज निव्वळ बॉडीतून येईल असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

बॉक्सवर लिहिलेले स्टॉपही सोडून द्या. एक्स-एस२० वर ७ स्टॉप लिहिलंय, ए६७०० आणि एस५ टू वर ५. हे आकडे फोटोसाठी मोजलेले असतात, म्हणजे किती हळू शटरवर फोटो शार्प येईल ते. व्हिडिओत चालताना काय होईल हे त्यातून कळत नाही, आणि माझ्या मते हातातल्या व्हिडिओला ५ वाला एस५ टू या तिघांत सगळ्यात शांत आहे. त्यात पॅनासॉनिकने चालण्यासाठी अॅक्टिव्ह आयएस दिलंय आणि उभं राहून एक फ्रेम धरायची असेल तर बूस्ट आयएस वेगळं आहे.

अजून एक, रुंद लेन्सवर आयबिसने फ्रेमचे कोपरे लडबडतात. कारण कॅमेरा वाकला की कोपऱ्यातलं चित्र मधल्यापेक्षा जास्त सरकतं आणि सेन्सर तर सगळीकडे सारखाच सरकवतो, मग मधलं जागेवर राहतं आणि कोपरे हलतात. फुल फ्रेमवर २० एमएमच्या खाली चालताना हे डोळ्यात खुपतं. वरातीत २४ ते ३५ च्या दरम्यान राहा.

तर माझं सरळ मत. जुन्या लेन्स सोनीच्या नसतील आणि बजेट ताणता येत असेल तर एस५ टू. जानेवारी २०२३ मध्ये आला, पॅनासॉनिकच्या ल्युमिक्समध्ये फेज डिटेक्ट, म्हणजे न शोधता थेट लागणारा, ऑटोफोकस असलेला हा पहिलाच, त्याआधीच्या पॅनासॉनिकचा फोकस व्हिडिओत मागेपुढे शोधत बसायचा म्हणून लग्नवाले दूर राहायचे. मोठा सेन्सर आहे म्हणून हॉलच्या कमी उजेडात निभतं, आत पंखा आहे. वजन ७४० ग्रॅमच्या आसपास, पण हातातल्या कामाला थोडं वजन चांगलंच, हलकी बॉडी जास्त थरथरते. फक्त ४के ५० फ्रेमला त्यात क्रॉप येतो हे आधीच माहीत असू द्या. बजेट तेवढं नसेल तर ए६७००, ४९३ ग्रॅम, फोकस या यादीत सगळ्यात भरवशाचा. आणि तुमच्या जुन्या लेन्स कॅननच्या ईएफ, म्हणजे डीएसएलआरवाल्या, असतील तर यादीत नसलेला आर७ पाहा, २०२२ चा, त्यात आयबिस आहे आणि अॅडॉप्टर लावून ईएफ लेन्स नीट चालतात. झेडव्ही-ई१० च घ्यायचा असं ठरलंच तर बॉडीवर वाचलेले पैसे टॅमरॉन १७-७० किंवा सोनीच्या १८-१०५ वर लावा, दोन्हीत लेन्सचं स्टेबलायझेशन आहे. आर५० ची मी वरातीसाठी शिफारस करणार नाही.

ताई, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक दरवर्षी आमच्या घरावरून जाते. यंदा तिच्यावर छोटी फिल्म करायची आहे. माझ्याकडे फुजी एक्स-एस१० आणि १८-५५ लेन्स आहे, डीजेआय आरएस ३ मिनी पण घेतला. गर्दीत गिंबल नेऊ का हातातच धरू?
— एक वाचक, जागनाथ बुधवारी

दादा, गिंबल घरी ठेवा. आरएस ३ मिनीचं स्वतःचं वजन ७९५ ग्रॅम, त्यावर कॅमेरा आणि लेन्स, आणि तो शरीरापासून लांब धरावा लागतो. गर्दीत कोणाचा खांदा कॅमेऱ्याला लागला की मोटर कुरकुरते, बॅलन्स जातो, आणि पिवळी मारबत समोरून जात असताना तुम्ही खाली पाहून गिंबल सरळ करत राहाल. गिंबल हवा तिथे जिथे तुमच्यापुढे चार पावलं मोकळी जागा आहे. इतवारी-महालच्या गल्लीत त्या दिवशी ती मिळणार नाही.

तुमच्या एक्स-एस१० मध्ये आयबिस आहे, १८-५५ मध्ये लेन्सचं पण आहे, दोन्ही मिळून काम करतात, त्यामुळे सामान पुरेसं आहे. राहिला प्रश्न धरण्याचा. कॅमेऱ्याचा पट्टा मानेत घाला आणि कॅमेरा पुढे इतका ढकला की पट्टा ताणून बसेल, दोन हात आणि मान असे तीन आधार झाले. कोपरं बरगड्यांना टेकवा. स्क्रीनऐवजी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर कपाळाचा चौथा आधार मिळतो, गर्दीच्या कामात मी तरी शक्य तिथे हेच करायला सांगते. मेन्यूत आयएस मोड बूस्ट आहे, उभे असाल तेव्हाच तो चालू ठेवा, चालताना बंद, नाहीतर कॅमेरा फ्रेम पकडून ठेवायला पाहतो आणि मग एकदम सोडतो.

आणि मिरवणुकीत चालू नका. खरंच. मिरवणूक स्वतःच चालतेय, तिला तुमच्या फ्रेममधून जाऊ द्या. एका जागी पाय रोवा, आठ-दहा सेकंद फ्रेम धरा, बडग्या, मारबतीसोबत निघणारा दुसरा पुतळा, समोरून गेला की मग दुसऱ्या जागी जा. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडणारी पोरं, पुतळा ओढणारे हात, गच्चीवरून पाहणाऱ्या बाया, हे सगळे थांबून काढायचे शॉट आहेत. मध्ये एकदोन ठिकाणी वेग हवा वाटला तर १०८० मध्ये ५० फ्रेमने काढा आणि २५ च्या टाइमलाइनवर अर्ध्या वेगाने चालवा, झटकेही अर्ध्या वेगाने येतात आणि डोळ्याला मऊ लागतात. उंचीचा एक शॉट मात्र हवाच, रस्त्यावरच्या कोणाच्या तरी गॅलरीची परवानगी दोन दिवस आधी घेऊन ठेवा, त्या दिवशी कोणी दार उघडायला रिकामं नसतं.

ताई, कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या लिलावावर कॉलेजसाठी डॉक्युमेंटरी करतेय. सेकंडहँड सोनी ए६५०० घेतला आणि त्यावर बाबांची जुनी ५० एमएमची मॅन्युअल लेन्स अॅडॉप्टरने लावली. आयबिस चालू आहे तरी व्हिडिओ असा डोलतो की पाहणाऱ्याला गरगरतं. बॉडी खराब आहे का?
— एक विद्यार्थिनी, धरमपेठ

बहुतेक बॉडी ठणठणीत आहे, तिला लेन्स किती एमएमची ते कोणी सांगितलेलंच नाही. नवीन लेन्स बॉडीला स्वतःहून कळवते की मी इतक्या एमएमवर आहे, जुन्या लेन्सला ते जमत नाही कारण तिच्यात विजेचे कॉन्टॅक्टच नाहीत. आणि सेन्सरने किती सरकायचं हे पूर्ण एमएमवर ठरतं. तेवढाच हात हलला तरी २४ वर चित्र थोडं सरकतं, १०० वर खूप. आकडा चुकीचा असेल तर सेन्सर एकतर कमी सरकतो किंवा गरजेपेक्षा जास्त, आणि जास्त सरकला की हे डोलणं येतं.

मेन्यूत स्टेडीशॉटच्या (सोनीचं स्टेबलायझेशन) सेटिंगमध्ये अॅडजस्ट ऑटोवरून मॅन्युअलवर कर आणि फोकल लेंथ ५० टाक. लेन्सवर छापलेला आकडाच टाकायचा, एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, आहे म्हणून दीडने गुणून ७५ नाही टाकायचे, इथेच बरीच मुलं अडकतात. काच असलेला ०.७१ चा स्पीड बूस्टर, म्हणजे चित्र आवळणारा अॅडॉप्टर, लावला असशील तर मात्र ३५ टाक, कारण मग लेन्स खरोखरच तेवढी झाली. लेन्स बदललीस की आकडा बदलायचा, दर वेळी. फुजी, निकॉन, पॅनासॉनिक सगळ्यांमध्ये हे सेटिंग कुठे ना कुठे आहे.

अजून एक, ए६५०० चा सेन्सर ४के मध्ये वरून खाली हळूहळू वाचला जातो, त्यामुळे कॅमेरा झपकन वळवला की उभे खांब तिरपे होतात. कळमन्यात शेडचे खांब जागोजागी आहेत, सगळं दिसेल. लिलावात बोली एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा कॅमेरा फेकायचा मोह होईल, त्याऐवजी थोडी मागे उभी राहून दोघांना एका फ्रेममध्ये घे. विषय फार चांगला निवडलास, आंबिया आणि मृग दोन्ही बहाराचे लिलाव घेता आले तर नक्की घे.

स्टेजवरच्या डान्सला हळूच पॅन करतो तर फ्रेम आधी अडकते आणि मग उडी मारते. ट्रायपॉडवर पण होते.
— एक वाचक, सदर

ट्रायपॉडवर स्टेबलायझेशन बंद करा, बॉडीचं आणि लेन्सचं दोन्ही. तुम्ही मुद्दाम वळवताय का हात हललाय हे कॅमेऱ्याला पहिल्या क्षणी कळत नाही, तो आधी अडवतो, सेन्सर टोकाला गेला की सोडतो, तीच उडी. हातात पॅन करताना अॅक्टिव्ह किंवा बूस्ट काढून साधा मोड ठेवा आणि कमरेतून वळा, मनगटातून नाही.

मे महिन्यात हळद आणि वरात दोन्ही दुपारची असते. माझा कॅमेरा ४के ला तापून बंद पडतो. आपल्या उन्हाला कोणता कॅमेरा टिकते? आणि कूलरसमोर धरला तर चालते का?
— एक वाचक, कामठी रोड

कूलरसमोर नको, अजिबात नको. आपले कूलर ओली हवा फेकतात, गरम कॅमेऱ्यावर ती लागली की ओल आत जायची भीती आणि बटणाच्या फटीत एकदा ओल गेली की दुरुस्तीचं बिल येतं. ओला रुमाल गुंडाळणं पण तसंच.

बहुतेक कंपन्या कॅमेरा ४० अंशांपर्यंत चालेल असं मॅन्युअलमध्ये लिहितात आणि नागपूरचा मे ४५ ला जाऊन टेकतो, तोही सावलीतला. उन्हात काळ्या बॉडीचं तापमान त्याहून कितीतरी वर जातं. म्हणजे आपण कंपनीच्या मर्यादेबाहेरच काम करतोय, हे मान्य करून तयारी करायची. पंखा असलेल्या बॉडी टिकतात, एस५ टू, सोनीचा एफएक्स३०. फुजीच्या एक्स-एस२० आणि एक्स-एच२ ला मागे लावायचा वेगळा पंखा मिळतो, फॅन-००१ नावाचा. पंखा नसेल तर स्क्रीन बॉडीपासून उघडून बाजूला ठेवा म्हणजे मागची उष्णता सुटते, सोनीत ऑटो पॉवर ऑफ टेंप हे हायवर करा, ४के ५० ऐवजी २५ ला काढा आणि क्लिप छोट्या ठेवा. दोन क्लिपच्या मध्ये कॅमेरा बंद, नुसतं स्टँडबायला ठेवू नका, तेव्हाही सेन्सर आणि स्टेबलायझेशन चालूच असतं आणि तापतं.

सगळ्यात जास्त फरक पडतो सावलीने. असिस्टंटच्या हातात पांढरी छत्री द्या, त्याचं एक काम तेच. कॅमेरा बॅग उभ्या गाडीत ठेवू नका. झेडव्ही-ई१० सारख्या बॉडीत छोटी एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरी असते, ती अशीही लवकर संपते, तीनचार जवळ ठेवा आणि त्याही सावलीत. आणि घरच्यांशी आधीच बोलून घ्या की दुपारी दोनची हळद पाचला केली तर व्हिडिओही चांगला येईल आणि माणसांनाही ऊन लागणार नाही. बरेचदा ऐकतात.

ताई, मी व्हिडिओ फोनसारखाच ३० फ्रेमवर काढते. हॉलमध्ये लाइट लपलपतात आणि बाहेर उन्हात फुटेज फार झटकेदार दिसतं, जणू सगळं तुटक तुटक. स्टेबलायझेशन तेच आहे मग बाहेर जास्त का हलतं?
— एक वाचक, मनीषनगर

ताई, दोन्हीचं कारण शटर आहे, स्टेबलायझेशनचा यात दोष नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो, ३० फ्रेमला १/६० ठेवलं की मिळत नाही आणि लपलप दिसते. कॅमेऱ्यात पाल, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेला जुळणारी व्हिडिओ पद्धत, निवडा, २५ फ्रेम, १/५० शटर, हॉलचा बहुतेक त्रास इथेच संपतो. सोनीमध्ये हे बदलताना कार्ड फॉरमॅट करायला सांगतं, आधी कॉपी करून घ्या. स्वस्त एलईडी आणि मागची एलईडी वॉल यांचा वेग वेगळाच असतो, तिथे शटर थोडं थोडं बदलून पट्टे कधी जातात ते पाहावं लागतं.

बाहेर उजेड जास्त म्हणून कॅमेरा ऑटोमध्ये शटर १/१००० किंवा पुढे नेतो. मग प्रत्येक फ्रेम चाकूसारखी शार्प येते, दोन फ्रेममध्ये काहीच मिसळत नाही आणि हाताचा तेवढाच झटका आता ठळक दिसतो. यावर उपाय एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काळी काच. कडक उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १०० आणि शटर १/१०० ला साधारण एफ/१६ लागतो, एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं तोंड लहान. तुम्हाला एफ/२.८ आणि १/५० हवंय म्हणजे सहा स्टॉप उजेड अडवायचा, दर स्टॉपला उजेड अर्धा होतो, त्याला एनडी६४ म्हणतात. लॉगमध्ये (नंतर रंग देता यावेत म्हणून काढलेलं फिकं चित्र) काढत असाल आणि बेस आयएसओ ८०० असेल तर अजून तीन स्टॉप, म्हणजे एनडी५१२. आपल्या उन्हाला २ ते ५ स्टॉपचा व्हेरिएबल एनडी पुरत नाही हे लक्षात घ्या, ६ ते ९ वाला घ्या. शेवटच्या टोकापर्यंत फिरवू नका, रुंद लेन्सवर आकाशात काळी फुली येते. हातातलं फुटेज सुधारायचं असेल तर माझ्या यादीत चांगला एनडी महागड्या केज आणि हँडलच्या आधी येतो.

कॉम्प्युटरवर नंतर स्थिर करता येते म्हणतात. मग आयबिसवाला कॅमेरा घ्यायचाच काहून?
— एक एडिटर, सीताबर्डी

करता येतं, पण दोन पद्धती आहेत. डाविंची रिझॉल्व्हचा स्टेबलायझर किंवा प्रीमियरचा वार्प चित्र पाहून अंदाज बांधतो की कॅमेरा कसा हलला. भिंत किंवा देऊळ असेल तर छान जमतं. वरातीत अर्धी फ्रेम नाचणाऱ्या माणसांनी भरलेली, मग माणसं हलली की कॅमेरा हलला हे त्याला उमगत नाही आणि फ्रेम वाकडीतिकडी ओढली जाते.

दुसरी पद्धत जायरोची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या वळणं मोजणाऱ्या चिपची. सोनीच्या बऱ्याच मिररलेसमध्ये, झेडव्ही-ई१० मध्येसुद्धा, कॅमेरा कसा वळला याची नोंद फाइलमध्येच असते. सोनीचं कॅटालिस्ट ब्राउझ किंवा जायरोफ्लो ही नोंद वाचून फ्रेम सरळ करतं, दोन्ही फुकट आहेत. फ्रेममध्ये किती लोक नाचतायत याच्याशी त्याला देणंघेणं नाही म्हणून गर्दीला हीच पद्धत बरी. जायरोफ्लो तर रोलिंग शटरने, म्हणजे सेन्सर वरून खाली हळूहळू वाचल्याने, तिरपे झालेले खांबही बरेच सरळ करतं. अट एवढीच की शूट करताना सगळं स्टेबलायझेशन बंद, थोडं रुंद काढायचं कारण कडा जाणार, आणि शटर १/२०० किंवा जास्त. वरच्या उत्तरात मी १/५० म्हटलं आणि इथे उलट सांगतेय, कारण फ्रेम स्थिर झाली तरी हलताना आलेला पुसटपणा कोणतंही सॉफ्टवेअर पुसू शकत नाही. म्हणजे शॉट घ्यायच्या आधीच ठरवावं लागतं की हा जायरोवर जाणार, आणि लग्नात संध्याकाळी १/२०० ला उजेड पुरत नाही. तिथे आयबिस लागतोच. दिवसाच्या वरातीला, रामटेकच्या पायऱ्या चढतानाच्या शॉटला जायरो वापरा, हॉलमध्ये आयबिस.

मी रिटायर्ड आहे, वय ६८. हात थोडे थरथरतात. अंबाझरीला सकाळी फिरायला जातो, नातवंडं सोबत असतात, त्यांचे आणि पक्ष्यांचे व्हिडिओ काढायची फार इच्छा आहे. मुलगा मिररलेस घेऊन देतो म्हणतो. या वयात जमेल का?
— एक वाचक, शंकरनगर

काका, नक्की जमेल. आणि थरथरणाऱ्या हातांचं म्हणाल तर आयबिस मुळात बारीक थरथराटासाठीच बनला आहे, चालण्यापेक्षा तुमची अडचण त्याला सोपी आहे. फक्त दोन कामं वेगळी करा.

नातवंडांसाठी मिररलेस मला गरजेचा वाटत नाही. ती पळतात, तुम्ही मागे जाणार, तिथे डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ पाहा, २०२३ चा आहे, त्याच्या छोट्या कॅमेऱ्याखाली गिंबलच बसवलेला आहे, सेन्सर एक इंची, खिशात मावतो आणि एका हाताने चालतो. लेन्स बदलायची नाही, बॅलन्स करायचा नाही.

पक्ष्यांसाठी मात्र लांब लेन्स लागते, पॉकेट तिथे उपयोगाचा नाही. तलावाच्या काठावर बसून काढायचे असल्याने आयबिस असलेली बॉडी, लेन्समध्येही स्टेबलायझेशन असलेली ३०० एमएमच्या आसपासची झूम आणि मोनोपॉड. ट्रायपॉड नका घेऊ, उचलून फिरायला जड आणि पक्षी उडाला की वळवायला वेळ जातो. खाली तीन छोटे पाय असलेला मोनोपॉड मिळतो, तो घ्या, हात थकले तर क्षणभर त्यावर भार देता येतो, पण सोडून देऊ नका, पडतो. बसून काढताना मोनोपॉड दोन्ही पायांच्या मध्ये ठेवा आणि मांड्यांनी हलकेच धरा. मोनोपॉडवर स्टेबलायझेशन चालूच राहू द्या, ट्रायपॉडचा नियम इथे लागत नाही. मुलाला सांगा की आधी पॉकेट घे, महिनाभर वापरून पाहतो, पक्ष्यांची ओढ तेवढीच राहिली तर मग मोठा कॅमेरा, आणि घेताना दुकानात लेन्स लावून पाच मिनिटं हातात धरून पाहा, मनगट दुखलं तर तो तुमचा नाही.